नेरळकेऱ्याची निळी रेघ

धारवाड
२० जानेवारी २०२५

ती. अण्णास,
शकूचा नमस्कार.

संक्रांतीचा हलवा श्रीवत्सबरोबर पाठवला होता, पोचला असेल. यंदा काटे नीट आले नाहीत. मला आता तेवढा वेळ परातीजवळ बसवत नाही. प्रियांकाला म्हणावं, सासऱ्याच्या बहिणीला नावं ठेवायची असतील तर पुढच्या वर्षी हलवा तूच कर.

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि श्रीवत्सला मध्ये घालून बोलायचं तर अर्धं तो गाळतो. म्हणून पत्र लिहितेय. काम आहे.

आमच्या घरासमोरच्या नेरळकेऱ्यावर फलक लागलाय. ‘उद्यान विकास’. चालायला ट्रॅक, भोवती फरशा, व्यायामाची लोखंडी यंत्रं आणि मधोमध सिमेंटच्या कमळातून उडणारं कारंजं. चित्रात पाणी आहे ते एवढ्या कारंज्यातच. तळं बुजवून कारंजं करायचं ज्याला सुचलं, तो माझ्या वर्गात असता तर मी त्याला भूगोलात नापास केलं असतं. काठावरच्या जांभळींवर पांढरे आकडे घातलेत, एक ते अकरा. आकडा घातला की झाड तोडायचं असतं, हे मला शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं सांगितलं. तिला उद्यान हवंय. तिचे गुडघे दुखतात आणि डॉक्टरांनी सपाट जागेवर चालायला सांगितलंय.

तुला ठाऊक आहे, हे गेल्यापासून मला त्या तळ्याची किती सोबत आहे. पायरीवर बसून ते दर रविवारी तळ्यातल्या दगडी खांबावरची पांढरी वर्तुळं मोजायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचे, ‘पाणी चौथ्या वर्तुळावर’, ‘पाणी सातव्यावर’. एकतीस वर्षांची कॅलेंडरं पलंगाखाली बांधून ठेवली आहेत. श्रावणात तळं भरलं की मागच्या वस्तीतली दुर्गव्वा आणि मी मिळून बागीन देतो. दोन सुपांत बांगड्या, हळदकुंकू, खण, कडधान्य घालून ती जोडी पाण्यावर सोडायची, म्हणजे तळ्याला दिलेलं वाणच. गेल्या श्रावणात सूप बुडेपर्यंत दुर्गव्वा काठावर हात जोडून उभी होती.

वकील म्हणतात, सरकारी कागदावर तळ्याची ‘केरे’ अशी नोंद निघाली तर कुणाला हात लावता येणार नाही. बारा मार्चला सुनावणी आहे. १९८६ साली आमच्या अध्यापक लेआउटचा नकाशा तुमच्याच कचेरीत झाला. त्याच्या आधीच्या मोजणीचं, नकाशा काढलेलं कापड तू घरी पत्र्याच्या नळीत ठेवलं होतंस, मला एकदा दाखवलंही होतंस. त्यावर तळ्याभोवती निळी रेघ होती. तेवढं मला पाठव. बाकीची धावपळ मी करते.

तुझी,
शकू

---

बेंगळुरू
२ फेब्रुवारी २०२५

चि. शकूस,
अनेक आशीर्वाद.

हलवा मिळाला. काटे होते तेवढे पुरे. तसेही माझे दात आता काट्यांशी भांडत नाहीत.

तू लिहिलंस ते कापड आता नाही. धारवाडहून इथं येताना नळी उघडली, तर आत वाळवीनं भुगा केला होता. तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण सांगून काय होणार होतं. त्यात आणखीही बरीच कामं होती.

शकू, तुझं वय एकाहत्तर. कचेऱ्यांचे जिने चढायचं हे वय नाही. उद्यान म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे. झाडं राहतील, बाकं येतील. लेआउटमधली मोकळी जागा मोकळीच राहिली, तिथं कुणी दुकानं बांधली नाहीत, हेच मोठं. मी नोकरीत फार वाईट पाहिलंय.

मी बाराव्या मजल्यावर असतो. खाली काय चाललंय ते इथून कळत नाही. सकाळी गॅलरीत ऊन येतं, तेवढा वेळ बसतो. प्रकृतीला जप.

तुझा,
शेषूअण्णा

---

धारवाड
१४ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णास,
नमस्कार.

तुझ्या नकाशांना वाळवी लागली हे वाचून मला तळ्याइतकंच वाईट वाटलं. लहानपणी तू माळ्यावर पोटावर पडून पेनाला शाई लावायचास आणि मला श्वास रोखून बसायला सांगायचास, रेघ हलेल म्हणून. माझा श्वास आणि तुझी रेघ यांचा काय संबंध, हे मी कधी विचारलं नाही. तेवढी कामं अशी भुगा झालेली पाहून तुला काय वाटलं असेल! तू एकट्यानं ते गिळलंस. मला सांगायला हवं होतंस.

असो. कापड नाही तर नाही. तू स्वतः आहेस की. वकील म्हणतात, त्या कचेरीतल्या निवृत्त आरेखकानं सहीनिशी दोन ओळी दिल्या तरी वजन पडेल. ‘सन १९८६ मध्ये मी जागेवर गेलो तेव्हा तिथं तळं होतं.’ एवढंच. तू जागेवर गेला होतास हे मला आठवतं. उन्हानं काळा पडून आमच्याकडे ताक प्यायला आला होतास.

मी सह्या गोळा करतेय. बेचाळीस घरांपैकी अकरा मिळाल्या. दुर्गव्वाच्या वस्तीतून तेहतीस. तिथल्या बायका तळ्याकाठी अंबाडी आणि राजगिरा लावतात, त्यांना उद्यानाच्या वेळा आणि कुलूप परवडणार नाही. दुर्गव्वा तळ्याच्या अर्जावर अंगठा उठवताना म्हणाली, “अक्का, ह्यो अंगठा केरीसाठी हाय, मतासाठी न्हवं.” मी तिला म्हटलं, या अंगठ्याचं वजन जास्त आहे.

दोन ओळी लवकर पाठव. सुनावणी बारा मार्चला, विसरू नकोस.

शकू

---

बेंगळुरू
२२ फेब्रुवारी २०२५

चि. शकूस,
आशीर्वाद.

हात थरथरतो. सही जुन्या सहीसारखी येत नाही, बँकेनंही दोनदा परत पाठवली. असल्या सहीचा तुला उपयोग होणार नाही. शिवाय श्रीवत्सचं म्हणणं, पेन्शनवर असताना जुन्या कचेरीच्या विरुद्ध लिहून देऊ नये.

तू चिडशील. पण ऐक. तिथून निघून थोडे दिवस इकडे ये. उन्हाळा इथं बरा असतो.

अण्णा

---

धारवाड
१ मार्च २०२५

ती. अण्णास,
नमस्कार.

थरथरत्या हाताचं पत्र मिळालं. अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. श्रीवत्सला मी इथूनच फोन केला. तो म्हणाला, आत्या, बाबांनी मला यातलं काही विचारलंच नाही.

मी चिडले नाही. मला वाटलं, अण्णा भितो आहे. का भितो ते काल समजलं.

माहितीच्या अधिकारात अर्ज केला होता, त्यावर मंजूर लेआउटची प्रत मिळाली. मोठा कागद, जेवणाच्या टेबलावर मावेना. भाग्यलक्ष्मीच्या अमितनं दोन्ही टोकांना पुस्तकं ठेवून दिली. आमच्या घरासमोर, जिथं पाणी आहे, तिथं हिरवा रंग आणि ‘उद्यान’ असा शब्द. केरे नाही, तळं नाही, नालाही नाही. वरच्या उतारावरून येणारा नाला त्या हिरव्या रंगापाशी येऊन नुसता थांबतो. पाणी असं थांबतं का रे कधी?

मग कोपऱ्यातला उत्तरेचा बाण दिसला. शेपटीकडे आंब्याचं पान काढलेला. असा बाण सगळ्या धारवाडात एकच माणूस काढायचा. तूच मला शिकवलास, आणि तीस वर्षं प्रत्येक वर्गात, प्रत्येक फळ्यावर मी तोच काढला. माझ्या वर्गातल्या मुलींच्या वह्यांत अजून असेल.

म्हणजे नकाशा तू काढलास. पण खोटा तू आपणहून काढणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. आपल्या बाबांनी आंब्याचा हिशेब चुकीचा सांगितला म्हणून तू दोन दिवस जेवला नव्हतास. तुझ्यावर कुणीतरी दबाव आणला असणार. कुणी मोठा साहेब असेल, किंवा सोसायटीचे चेअरमन. ते आता सगळे गेले. गेलेल्या माणसाला कसली भीती, आणि तुझी पेन्शन या वयात कोण काढून घेतंय? नाव लिही, सही कर, पाठव. तुझी चूक नव्हती हेही त्यात स्पष्ट होईल. त्यासाठी तरी लिही.

बारा मार्च. अकरा दिवस राहिलेत.

तुझी,
शकू

---

बेंगळुरू
५ मार्च २०२५

चि. शकूस,

कुणी दबाव आणला नव्हता.

त्या वर्षी दुष्काळ होता. मे महिन्यात मी मोजणीवाल्यांबरोबर साखळी घेऊन आलो, तेव्हा तळ्यात पाणी नव्हतं. तळाच्या भेगांतलं गवत गुरं चरत होती. पण तळं ते तळंच. जुन्या लोकांनी बांधलेला काठ होता, सांडवा होता, श्रीहरीपंत पुढे मोजायचे तो खांब होता. मोजणीच्या कापडावर मी निळी रेघ काढली, ‘नेरळकेरे’ असं नाव लिहिलं.

लेआउट आखायला बसलो तेव्हा अडचण आली. आमच्या कचेरीचा शिरस्ता असा की नकाशात केरे दाखवलं तर काठापासून ठरावीक पट्टी सोडायची, तिथं प्लॉट पाडायचा नाही. पट्टी आखली आणि पहिली ओळ त्यात गेली. अकरा ते एकवीस. सोसायटीनं मंजुरीच्या आधीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या, आणि श्रीहरीपंतांना सतरा नंबर निघाला होता.

आदल्या रविवारी तू मला तो प्लॉट दाखवायला नेलं होतंस. नारळ फोडलास आणि मग काडी घेऊन मातीत घर आखलंस. इथं स्वयंपाकघर, इथं देव, इथं पायरी, समोर पाणी. श्रीहरीपंत हसत होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं, भाड्याच्या दोन खोल्यांत सासूचं बोलणं ऐकून तू वाळली होतीस. मी तुला त्याआधी कितीतरी दिवसांत हसताना पाहिलं नव्हतं.

सोमवारी मी निळ्याचं हिरवं केलं. केरेच्या जागी उद्यान लिहिलं. साहेबांनी न बघता सही केली, कारण माझ्या कामावर त्यांचा विश्वास होता.

मनाशी म्हटलं, उद्यान म्हणून राखून ठेवलेल्या जागेवर कुणी बांधू शकत नाही. पावसाळा आला की पाणी आपोआप येईल. शकूला घर मिळेल आणि तळंही राहील. अडतीस वर्षं तसंच झालं, आणि मी स्वतःला हुशार समजत राहिलो. उद्यान म्हटल्यावर कुणीतरी एक दिवस खरंच उद्यान करायला येईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तळं म्हणून नोंदलं असतं तर ते आज वाचलं असतं. मीच ते बुजवलं, फक्त माती आत्ता येतेय.

वाळवी खोटी होती. कापड कचेरीत जमा करायचं, ते केलं नाही. फाडायला हात धजला नाही. सोबत पाठवतो. पण देण्याआधी विचार कर. यावर निळी रेघ आहे, आणि तिच्यालगतच्या पट्टीत तुझं घर आहे. तळं खरं ठरलं की सतरा नंबर खोटा ठरेल.

मला तुझ्यापासून हे लपवायचं होतं. साहेबांपासून नव्हे.

अण्णा

---

धारवाड
२ एप्रिल २०२५

अण्णा,

तुझ्या पत्रावर तारीख पाच मार्च आहे. पाकिटावर टपालाचा शिक्का चौदा मार्चचा आहे. मला ते एकोणीसला मिळालं.

बाराला काय झालं ते सांगते. मी ह्यांची कॅलेंडरं पिशवीत भरून नेली. साहेबांनी त्यातलं एक उघडलं. १९९७ सालचं. पाण्याच्या नोंदीशेजारी ‘दूध दीड लिटर’, ‘शकूचा दात काढला’ असंही लिहिलेलं. शेजारच्या माणसाला दाखवून ते हसले, पण वाईट हसले नाहीत. मग मंजूर नकाशा पुढे केला आणि म्हणाले, “मॅडम, नकाशात पार्क ऐती. केरी इल्ल.” पार्क आहे, तळं नाही. मी म्हटलं, चला, दाखवते, गुडघाभर पाण्यात उभी राहून दाखवते. ते म्हणाले, जागेवर काय आहे ते आम्ही बघत नाही, कागदावर काय आहे ते बघतो. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत सुनावणी संपली. मी आंब्याच्या पानाच्या बाणाकडे बघत बसले होते.

पंधराला माती आली. दिवसाला वीस-बावीस गाड्या. जांभळी दोन दिवसांत गेल्या. दुर्गव्वाच्या वाफ्यांवर पहिली गाडी रिकामी केली, कारण उतार तिकडून सोपा होता. ती मध्ये उभी राहिली, तर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली आणि मग माझ्या पायरीवर येऊन बसली.

पाचला लिहिलेलं पत्र पाचला टाकलं असतंस तर बाराच्या आत आलं असतं. नऊ दिवस तू ते कुठं ठेवलं होतंस?

मला तुझा राग आला आहे. इतका राग मला कुणाचा आला नव्हता, सासूचाही नाही. तू माझ्यासाठी केलंस हे वाचून तो कमी होत नाही, वाढतो. मला विचारलं असतंस तर मी काय म्हटलं असतं? खरं सांगते, तेव्हा मी म्हटलं असतं, कर. म्हणूनच जास्त राग येतो.

काल ह्यांच्या टेपनं पायरीपासून काठापर्यंत मोजलं. घर पट्टीत आहे. देवघरसुद्धा.

पण तळं अजून पूर्ण गेलेलं नाही. उत्तरेकडच्या अर्ध्यात पाणी आहे, खांब दिसतो. उद्या कापड घेऊन जाते. भाग्यलक्ष्मीला आधी सांगितलं, कारण अठरा नंबर तिचा. ती म्हणाली, “तुमच्या तळ्यापायी माझ्या अमितचं घर घालवणार?” तेव्हापासून बोलत नाही. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

शकुंतला

---

बेंगळुरू
१० एप्रिल २०२५

शकू,

पत्र उशीखाली होतं. रोज सकाळी श्रीवत्सला टाकायला द्यायचं ठरवत होतो. बारा तारीख उलटली तेव्हा दिलं. तू मला आजवर ज्या नजरेनं बघत आलीस, ती आणखी थोडे दिवस राहावी असं वाटत होतं. दुसरं कारण नाही.

हात जोडून सांगतो, कापड देऊ नकोस. तळं अर्धं गेलंच आहे. घर तरी राहू दे. त्या घरासाठीच सगळं केलं. तेही गेलं तर मी नुसताच खोटा माणूस उरेन.

तुझं उत्तर येईपर्यंत मी गॅलरीत बसणार नाही. हे लिहायला पोरकट वाटतं, पण लिहितो.

अण्णा

---

धारवाड
४ ऑगस्ट २०२५

ती. अण्णास,
नमस्कार.

एप्रिलपासून तुला लिहिलं नाही. श्रीवत्स फोनवर म्हणाला, बाबा खोलीतून बाहेर येत नाहीत. ऐकून मला बरं वाटलं नाही. राग असताना कुणाचं वाईट झालेलं बघायला बरं वाटावं असं म्हणतात, तसं मला झालं नाही. गॅलरीत बस. ऊन घे.

कापड मी दिलं. तीन एप्रिललाच, तुझ्या पत्राची वाट न बघता. सुनावणीचे ते साहेब तरुण आहेत. त्यांनी कापड खिडकीशी उजेडात धरलं, निळ्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “चंद ऐती.” छान आहे म्हणाले. मग आवक शिक्का शोधला. नव्हता. सही शोधली. नव्हती. तू ते जमाच केलं नाहीस, तर शिक्का कुठून येणार? जे कचेरीत कधी आलंच नाही ते कचेरीचं कसं म्हणायचं, असं ते म्हणाले आणि नीट गुंडाळून माझ्या हातात परत दिलं. म्हणजे घर वाचलं, अण्णा. तुझी काळजी मिटली असती.

जूनमध्ये उद्यानाची फीत कापली. कारंजं दोन दिवस चाललं, मग मोटार बिघडली. भाग्यलक्ष्मी सकाळी चालायला जायची, मला पाहून मान फिरवायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात वरच्या उतारावर पाऊस चार दिवस सतत लागून होता. नाला नेहमीच्या वाटेनं खाली आला. तिथं आता फरशा आणि भर आहे, काठाइतकी उंच. बुधवारी सकाळी मी चहा ठेवायला उठले, तर चप्पल दाराशी नव्हती, देवघरात पोचली होती. दुपारपर्यंत पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. अठरा नंबरातही आलं, अकरापासून एकवीसपर्यंत सगळीकडे आलं. तू पट्टी आखली होतीस तेवढंच. बाविसाव्याची पायरीसुद्धा भिजली नाही. तुझी मोजणी अगदी बरोबर होती.

अमितनं मला उचलून टेबलावर बसवलं आणि मग आईला न्यायला गेला. कॅलेंडरं पलंगाखाली होती. माझ्या लक्षात येईपर्यंत खालची बांधणी पूर्ण भिजली होती. शाई उतरून कागद निळे झाले. वरची नऊ वर्षं वाचली, बाकीची गेली. ह्यांनी एवढं मोजून ठेवलेलं पाणी, आणि मी ते जमिनीवर ठेवलं होतं. त्या दिवशी मी रडले. हे गेले तेव्हा लोक होते, म्हणून रडता आलं नव्हतं.

शुक्रवारी दुर्गव्वा आली. श्रावणातला शुक्रवार, आमचा बागिनाचा. तिचं सगळं डोक्यावर होतं, सुपांची जोडी, हिरव्या बांगड्या, खण. मी टेबलावरूनच म्हटलं, “दुर्गव्वा, यंदा कुठलं बागीन? तळं कुठाय?” ती उंबऱ्यात उभी राहिली. पाणी तिच्या घोट्याच्या वर होतं, जरा गढूळ, जांभळीची कुजलेली पानं वाहून आलेली. तिनं घरभर बघितलं आणि म्हणाली, “अक्का, केरी इल्ले बंदैती की. तळं हितंच आलंय. हितंच देऊ.”

मी तिला अडवलं नाही. खाली उतरले, पदर डोक्यावर घेतला. आम्ही दोघींनी सुपांची जोडी माझ्या बैठकीच्या खोलीत पाण्यावर सोडली. ती थोडी फिरली आणि टेबलाच्या पायाला जाऊन टेकली. दुर्गव्वा हात जोडून उभी होती, नेहमीसारखी, सूप बुडायची वाट बघत. पाणी तेवढं खोल नव्हतं, सूप काही बुडलं नाही. शेवटी तिनंच ते हातानं दाबून खाली धरलं.

तेवढ्यात भाग्यलक्ष्मी दाराशी आली. साडी खोचलेली, पाय चिखलात. तिनं कपाळावरचं कुंकू बोटानं काढून पाण्याला लावलं आणि गेली.

आता पाणी उतरलंय. भिंतीवर त्याची रेघ राहिली आहे, जमिनीपासून हातभर. मी ती पुसली नाही. नऊ वर्षांच्या कॅलेंडरांबरोबर यंदाचं कॅलेंडरही टेबलावर ठेवलंय आणि शुक्रवारच्या चौकोनात लिहिलंय, ‘पाणी बैठकीत. बागीन दिलं.’

तुझं कापड या पत्राबरोबर परत पाठवतेय. त्यावर सतरा नंबरचा चौकोन तू पेन्सिलनं हलकासा आखला होतास, अजून दिसतो. निळी शाई घे आणि तो रंगव. अकरापासून एकवीसपर्यंत सगळे रंगव. हात थरथरला तरी चालेल. कुणी मागितलेलं नाही, कुठं जमाही करायचं नाही. मला तुझ्या हातचा एक खरा नकाशा घरात हवा आहे, एवढंच.

तुझी,
शकू